पाण्याचा हक्क बादलीने मोजता येतो

घरात नळ आला म्हणजे पाण्याचा हक्क मिळाला असं होत नाही. नळाला किती दिवसांआड पाणी येतं, किती वेळ येतं, त्यात क्लोरीन शिल्लक असतं का, शौचालयात ओतायला त्यातलं पाणी उरतं का आणि शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किती लांब आहे, एवढ्या प्रश्नांची उत्तरं काढली की हक्क नेमका कुठे अडलाय ते कळतं. ही उत्तरं गावातल्या गावात काढता येतात. बादली, घड्याळ, मोजपट्टी आणि ग्रामपंचायतीतलं तपासणी किट एवढं पुरतं.

आधी कायदा थोडक्यात. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. १२२ देशांनी बाजूने मतदान केलं, त्यात भारत होता. ४१ देश तटस्थ राहिले, विरोधात कुणीच गेलं नाही. आपल्या राज्यघटनेत पाण्याच्या हक्काचं वेगळं कलम नाही. तो हक्क न्यायालयांनी कलम २१ मधून, म्हणजे जीविताच्या हक्कातून काढला. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

सामान्य माणसाच्या खऱ्या उपयोगाचा निकाल त्याच्याही आधीचा, १९८० चा आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका वॉर्डात उघडी गटारं होती, सार्वजनिक शौचालयं नव्हती, कारखान्याचं सांडपाणी रस्त्यावर यायचं. रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. पैसे नाहीत, असं नगरपालिकेचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली: गटारं आणि शौचालयं ही नगरपालिकेची मूलभूत जबाबदारी आहे, तिजोरीत खडखडाट आहे म्हणून ती टाळता येणार नाही. रहिवाशांनी वापरलं होतं ते सार्वजनिक उपद्रवाचं कलम, तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. 'निधी नाही' हे उत्तर ज्यांना वारंवार ऐकावं लागतं त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

पाणी कुणाचं, हा पहिला प्रश्न

महाराष्ट्रात हा विषय संयुक्त राष्ट्रांपासून सुरू होत नाही, महाडपासून होतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं कागदावर खुलं केलं, पण प्रत्यक्षात तिथलं पाणी कुणाला घेता येईना. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर दावा चालला तो थेट १९३७ पर्यंत, तेव्हा कुठे मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरावरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई आली.

आता भेदभावाची पद्धत बदललीय. पाणवठ्यावर अडवायला कुणी उभं राहत नाही, पण मुख्य पाइपलाइन गावठाणात संपते आणि दलित वस्ती, आदिवासी पाडा किंवा वाडीकडे जाणारी अर्धा-पाऊण इंची लाइन सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी दाबाची असते. योजनेच्या नकाशावर वस्ती जोडलेली दिसते, नळाला मात्र पाणी चढत नाही. म्हणून मोजणी नेहमी शेवटच्या घरापासून करावी. सरपंचाच्या घरी पाणी येतं का, याने काहीच कळत नाही.

शहरात हाच प्रश्न कट-ऑफ तारखेचा होतो. अमुक सालानंतरची झोपडी असेल तर नळजोडणी नाही, असा मुंबईत नियम होता. पाणी हक्क समिती त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पिण्याचं पाणी नाकारता येत नाही, असा आदेश न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. जास्त दर लावायची मोकळीक महापालिकेला ठेवली आणि जोडणी दिली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हेही सांगितलं. जागेचा हक्क आणि पाण्याचा हक्क असे वेगळे केल्यामुळे हा आदेश महत्त्वाचा आहे. जोडणी मिळत नाही तिथे कुटुंबं ड्रमाने पाणी विकत घेतात, आणि लिटरमागे त्यांना पडणारी किंमत बिल्डिंगमधल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते.

किती पाणी?

ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलंय. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे आणि शौचालय, सगळं यात आलं. गुरांचं पाणी आलं नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी ५० ते १०० लिटर सांगते, म्हणजे ५५ हा आकडा खालच्या टोकाचाच आहे.

मोजायची रीत सोपी. २० लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि भरायला किती मिनिटं लागतात ते बघा. समजा ४ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पाणी एक दिवसाआड ४० मिनिटं येतं, म्हणजे एका वेळी २०० लिटर. घरात ५ माणसं असतील तर ते २०० लिटर दोन दिवस पुरवायचं: माणशी रोज २० लिटर. कागदावर या घराला नळ आहे, योजना शंभर टक्के पूर्ण आहे, आणि पाणी निम्म्याहून कमी आहे. असं सलग दोन आठवडे वहीत तारीखवार लिहून काढा, आणि तेही गावठाणातल्या एका व शेवटच्या टोकाच्या दोन घरांत. ग्रामसभेत 'पाणी पुरत नाही' म्हटल्यावर जो वाद होतो, तो ही वही पुढे ठेवली की होत नाही.

गावाचा हिशोबही असाच. २,००० लोकसंख्येला रोज १ लाख १० हजार लिटर लागतं. टाकी ५० हजार लिटरची असेल आणि दिवसातून एकदाच भरत असेल तर वाटप कितीही नीट केलं तरी पाणी पुरणार नाही. टाकी एकदाच का भरते, हे मग विचारायचं: विहिरीला पाणी नाही, वीज नाही, मोटर जळलीय, की वीजबिल थकलंय? बहुतेक योजना या शेवटच्या कारणापाशी येऊन थांबतात. वसुली होत नाही म्हणून बिल थकतं, बिल थकलं म्हणून पाणी बंद होतं, आणि पाणी येत नाही म्हणून लोक पाणीपट्टी भरत नाहीत. पाणी हा हक्क असला तरी ते फुकट मिळालं पाहिजे असं त्यात नाही. परवडणाऱ्या दरात मिळालं पाहिजे असं आहे. पाणीपट्टीचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवला जातो त्या गावात वसुली मागणंही सोपं जातं.

टीसीएल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट

ग्रामीण महाराष्ट्रात पाणी निर्जंतुक करतात ते टीसीएल पावडरने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम, हे आपल्याकडचं रोजच्या वापरातलं प्रमाण. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. विहीर असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणलं की लिटर मिळतात. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ३७,७०० लिटर पाणी असतं, त्याला १९० ग्रॅम पावडर लागेल.

पावडर कोरडी तशीच टाकीत भिरकावायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी तिची पेस्ट करायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायची. चुना तळाशी बसतो, वरच्या निवळीत क्लोरीन असतं. ती निवळी दुसऱ्या बादलीत काढून टाकीत ओतायची, साका टाकीत जाऊ द्यायचा नाही. टाकी भरायला सुरुवात होतानाच निवळी सोडली तर पडणाऱ्या पाण्याने आपोआप मिसळते. विहिरीत निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून खालीवर, आजूबाजूला हलवावी. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. तोंडाला कापड, हातात मोजे आणि मोकळी हवा हवी. आणि टीसीएलमध्ये अ‍ॅसिड चुकूनही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चुकतं कुठे? पहिलं म्हणजे पोतं. टीसीएलचं पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून ठेवलेलं असतं. हवा, ओल आणि उष्णतेने क्लोरीन उडून जातं आणि उरतो तो जवळजवळ नुसता चुना. कर्मचारी रोज इमानेइतबारे २५० ग्रॅम टाकतो, पाण्यात मात्र काहीच उतरत नाही. क्लोरीनचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. २५ टक्के भरली तर ५ ऐवजी साधारण साडेसहा ग्रॅम घ्यावी लागेल. पोतं घट्ट बांधून, फळीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवणं आणि पावडरीचा नमुना तपासून घेणं, एवढ्याने निम्मं काम होतं.

दुसरं, गढूळ पाणी. पावसाळ्यात लाल पाणी आलं की त्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. आधी तुरटीने पाणी निवळायचं, मग टीसीएल.

तिसरं, वास. 'पाण्याला पावडरचा वास येतो' अशी तक्रार आली की पावडर कमी करायचा दबाव येतो. हलका वास हे क्लोरीन शिल्लक असल्याचं लक्षण आहे. भांड्यात तासभर उघडं ठेवलं की तो बराच कमी होतो. ही गोष्ट गावात सांगायलाच हवी, कारण वासाच्या तक्रारीवरून क्लोरीन बंद केलेल्या गावात गॅस्ट्रोची साथ यायला एक पाऊस पुरतो.

क्लोरीन आहे की नाही हे ओ.टी. टेस्टने मिनिटात कळतं. परीक्षानळीत खुणेपर्यंत नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच रंग बघायचा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी कोरंच राहिलं तर नाही. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन मिळालं पाहिजे. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण आणि किट कुठे आहे, हा ग्रामसभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे. किटमध्ये काळा रंग दाखवणारी जंतू तपासणीची बाटलीही असते: पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं पडलं तर ते विष्ठेने दूषित असण्याची दाट शक्यता.

क्लोरीन जंतूंवर चालतं, फ्लोराइडवर किंवा नायट्रेटवर नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं; दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. हे पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड आणखी दाट होतं. त्यासाठी स्रोतच बदलावा लागतो. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातही उकळण्याने क्षार जात नाहीत.

टाकीत शुद्ध, नळाला घाण

टाकीतला नमुना चांगला येतो आणि घरातला खराब, तेव्हा दोष पाइपमध्ये असतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आत पोकळी तयार होते. फुटलेल्या सांध्यातून, सैल व्हॉल्व्हमधून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. नळाची लाइन गटारातून किंवा गटाराला लागून गेली असेल तर ते बाहेरचं पाणी म्हणजे गटाराचंच. घरोघरी थेट नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. एका घराची मोटर सगळ्या गल्लीच्या पाइपात घाण ओढू शकते. दिवसाआड पुरवठ्याचा खरा धोका हाच आहे, आणि तो मिळणाऱ्या लिटरच्या आकड्यात दिसत नाही. व्हॉल्व्हचे खड्डे पाण्याने भरलेले दिसले तर ते गावाच्या आजारपणाचं दार समजून आधी कोरडे करून घ्यावेत.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकदम वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. शहराला लागून झपाट्याने वाढलेल्या गावांत जुनी विहीर, नव्या इमारती आणि अपुऱ्या ड्रेनेज लाइन एकत्र येतात. राज्यातल्या कितीतरी शहरांच्या कडेला हेच चित्र आहे.

शौचालय: खड्डा लहान हवा

स्वच्छतेचा हक्क पाण्याच्या हक्काला जोडूनच येतो. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो वेगळा हक्क म्हणून नोंदवला, पण जमिनीखाली दोन्ही एकच आहेत: चुकीचा खड्डा शेजारच्या विहिरीत उतरतो.

गावासाठी सगळ्यात योग्य रचना दोन शोषखड्ड्यांची. प्रत्येक खड्डा साधारण १ मीटर व्यासाचा आणि १ ते सव्वा मीटर खोल, भिंतीत विटांची जाळी, तळ मातीचाच. शौचालय आणि खड्डे यांच्यामध्ये वाय आकाराचं चेंबर. एका वेळी एकच तोंड उघडं, दुसरं विटेने बंद. दोन खड्ड्यांमध्ये किमान १ मीटर अंतर. ग्रामीण पॅनचा उतार तीव्र असतो आणि कोंबड्यात, म्हणजे पॅनखालच्या वाकड्या नळीत, पाणी फक्त २० मिलिमीटर राहतं, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. शहरी पॅन बसवला की दरवेळी बादलीभर पाणी लागतं, आणि माणशी २० लिटर पाणी येणाऱ्या घरात ते शौचालय सरपण ठेवायची खोली होतं.

पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा तीनेक वर्षांत भरतो. मग चेंबरमधली वीट फिरवायची. भरलेला खड्डा दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं वास नसलेलं, भुसभुशीत खत होतं. ते घरच्या माणसाने फावड्याने काढून शेतात टाकावं. या रचनेला गॅस पाइप लागत नाही, वायू मातीत जिरतो.

लोकांना मात्र खड्डा भरायची भीती वाटते. म्हणून दहा फूट खोल, आतून प्लॅस्टर केलेली टाकी बांधली जाते आणि तिचा ओव्हरफ्लो गटारात सोडला जातो. ती टाकी एक दिवस भरतेच. मग उपसायला गाडी लागते, गाडी गल्लीत शिरत नाही, आणि कुणाला तरी आत उतरायला सांगितलं जातं. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. माणसाला मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. आधी ती १० लाख होती. मृत्यूंचं मूळ टाकीच्या आराखड्यात असतं, आणि आराखडा घर बांधताना ठरतो. म्हणून दोन खड्ड्यांचा आग्रह धरायचा.

विहीर किंवा हातपंपापासून खड्डा किमान १० मीटर लांब हवा, उताराच्या खालच्या बाजूला हवा, आणि पावसाळ्यातही खड्ड्याच्या तळाखाली २ मीटरपर्यंत पाणी लागता कामा नये. कोकणात जांभ्याच्या भेगांतून मैल्याचं पाणी लांबवर जातं, तिथे १० मीटर हे अंतर अपुरं समजावं. काळ्या मातीत पाणी जिरत नाही. तिथे खड्डा मोठा घेऊन भोवती वाळू भरतात. खाली कातळ लागला तर खड्डा जमिनीच्या वर उचलून बांधतात. 'सगळीकडे एकच ड्रॉइंग' हा ठेकेदाराच्या सोयीचा नियम आहे.

दाद मागताना

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आरोग्य विभाग गावातल्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आणि कशामुळे, ही माहिती मागा. माहिती अधिकारात अर्ज केल्यास ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज मोघम नको. टीसीएल खरेदीची बिलं, गेल्या सहा महिन्यांचं ओ.टी. टेस्टचं रजिस्टर, प्रयोगशाळेचे पाणी तपासणी अहवाल आणि टाकी धुतल्याच्या तारखा, अशी नावानिशी कागदपत्रं मागावीत. रजिस्टरमध्ये रोज त्याच वेळेला तेच माप लिहिलेलं असेल, तर तपासणी झालेली नसण्याचीच शक्यता जास्त.

नमुना स्वतः द्यायचा असेल तर बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती निर्जंतुक असते आणि क्लोरीन मारणारं रसायन तिच्यात आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळ पुसून दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला हात न लावता भरा, वर थोडी जागा ठेवा, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतला जिवाणू, एकही नसावा. एक जरी आढळला तर त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि दुरुस्ती होऊन दुसरा नमुना चांगला येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच वापरा.